इकडे बघा

आमच्या स्टुडिओतल्या खुर्चीत बसलं की भल्याभल्यांची तंतरते. बाजारात आरडाओरडा करून भाव पाडणारी बाई तिथे बसली की विचारते, हात कुठे ठेवू? नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेला मुलगा पुन्हा पुन्हा घाम पुसतो. मग मामा कॅमेऱ्यामागून आवाज देतो, "मान सरळ. हनुवटी वर. इकडे बघा. आता जरा हसल्यासारखं करा, कुणी मेलेलं नाही." या शेवटच्या वाक्याला माणूस हसतोच, आणि तेवढ्यात बटण दाबायचं. मामाचा अख्खा धंदा या एका वाक्यावर चाललाय, असं मी त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, "मग तू दुसरं वाक्य शोध. आणि दुसरा स्टुडिओपण."

वडील गेल्यावर आई आणि मी मामाकडे राहायला आलो. वर दोन खोल्या, खाली स्टुडिओ. शाळा सुटली की मी खालीच असायचे. मामाने मला फोटो काढायला शिकवलं आणि शिकवताना एकच नियम डोक्यात ठोकून बसवला. डोळे भिंगात आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. समोरच्याची नजर सरळ आपल्या कॅमेऱ्यात उतरली पाहिजे, तोवर बोट नुसतं टेकवून ठेवायचं. रिळाच्या काळात हे ठीक होतं, कारण एक फोटो वाया गेला की मामाचं दिवसभर तोंड वाकडं व्हायचं. पुढे डिजिटल कॅमेरा आला, पाहिजे तितके फोटो काढा, कुणी विचारत नाही. नियम मात्र तसाच राहिला. समोरच्याने नजर वळवलेली असताना मी बटण दाबलं, की मामा भिंग पुसायचं फडकं माझ्या मानेवर मारायचा. माझ्या नाकावर राग असतो, मी फणकारायचे. पण बोटाने ऐकलं. आता नजर भिंगात नसेल तर माझं बोट हलतच नाही.

शिट्टी आमच्या गल्लीतला नळ दुरुस्त करणारा. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि सरकारला माहीत. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी शिट्टीदादा म्हणायचे, पण बोलायचे अरे-तुरेच. त्याची आई कपडे दुरुस्त करून द्यायची. गळ्यात कायम मोजायची फीत. ती तुमच्याशी बोलत असायची तेव्हा तिची नजर तुमच्या बाहीच्या शिवणीवर असायची, आणि बोलणं संपता संपता ती म्हणायची, "ही बाही कुणी लावली गं? उसवून टाक."

वाहन चालवायच्या परवान्यासाठी शिट्टी फोटो काढायला आला, तो दिवस आमच्या घरात अजून सगळ्यांना आठवतो. एरवी एवढा हसरा माणूस, खुर्चीत बसला आणि लाकूड झाला. मामाचं हुकमी वाक्यसुद्धा वाया गेलं. "कुणी मेलेलं नाही" म्हटल्यावर शिट्टीने गंभीरपणे विचारलं, "का, कोण आजारी आहे?" शेवटी मामा वैतागला. म्हणाला, "हे बघ, विचार करायचा नाही. मी 'इकडे बघा' म्हटलं की हनुवटी वर आणि हसायचं. कसरत आहे असं समज." आणि त्याने शिट्टीकडून खरंच कसरत करून घेतली. इकडे बघा. हनुवटी वर, हसू. खाली. इकडे बघा. हनुवटी वर, हसू. मी आणि आई पडद्यामागे पोट धरून हसत होतो. शेवटी फोटो झकास आला.

मग मला तो खेळच मिळाला. शिट्टी शिडीवर असो, बेसिनखाली आडवा पडलेला असो, तोंडात खिळे असोत, मी "इकडे बघा" म्हटलं की त्याची हनुवटी वर जायची आणि तो हसायचा. हातातला पाना तसाच हातात. एकदा तर आमच्या मोरीतला नळ तुटून पाण्याचं कारंजं त्याच्या अंगावर उडत होतं, मी दारातून ओरडले आणि तशा भिजलेल्या अवस्थेत तो वळून हसला. मग भानावर येऊन मला शिव्या घातल्या. म्हणाला, "तुझ्या मामाने माझ्यात कळ बसवून ठेवलीय."

आता त्या दिवसाचं सांगते. जुन्या मंडईतले गाळे पाडायचे ठरले होते, त्याविरुद्ध मोर्चा होता. मोर्चा आमच्या रस्त्याने जाणार होता म्हणून मामाने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. पहिला दगड कुणी मारला याबद्दल प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे, आणि प्रत्येक जण ती शपथेवर सांगतो. मला आठवतं ते एवढंच, की दुपारी घोषणा ऐकू येत होत्या, मग एकाएकी घोषणांचं किंचाळणं झालं आणि काचा फुटायला लागल्या. शिट्टी तेव्हा आमच्याकडेच होता, मागच्या बेसिनचा नळ बदलत होता. मामा वर आईजवळ धावला, तिला अशा वेळी धाप लागते. मी कॅमेरा उचलला आणि शटरखालून वाकून बाहेर पायरीवर उभी राहिले.

का, असं मला पुढे शंभर जणांनी विचारलं. मला अर्जाच्या फोटोंचा कंटाळा आला होता, हे खरं उत्तर. पांढरा पडदा, दोन कान दिसले पाहिजेत, खांदे सरळ. जगात काहीतरी घडत असतं आणि मी लोकांच्या कानांवरचे केस मागे सारत बसायचे. त्या दिवशी जग आमच्या पायरीशी आलं होतं. मला वाटलं, आता आपण खऱ्या फोटोग्राफर होणार.

झाले मात्र काहीच नाही. समोर माणसं धावत होती, पडत होती, एक म्हातारा चष्मा शोधत जमिनीवर हात फिरवत होता, आणि माझं बोट बटणावर नुसतं टेकलेलं. कुणी माझ्याकडे बघेना! दंगलीत कॅमेऱ्याकडे कोण बघतं? एका पोलिसाने डोळे वटारले, तो फोटो मिळाला. एका मुलाने दगड उगारला, माझ्याकडे लक्ष गेल्यावर तोंड झाकलं, तोही मिळाला, पण त्यात तोंडच नाही. बाकी सगळं मी डोळ्यांनी बघितलं, कॅमेऱ्याने नाही. माझ्या जागी दुसरा कुणीही असता तर त्याने धडाधड बटण दाबलं असतं. त्यात हवं ते आपोआप सापडलं असतं. मी नजरेची वाट बघत बसले.

मग समोरचं चपलांचं दुकान पेटलं. आत कुणीतरी जळतं काहीतरी फेकलं होतं. रबर पेटल्यावर किती काळा धूर येतो हे बघितल्याशिवाय कळणार नाही. दुकानदार काका मागच्या दाराने निघून गेले होते, पण ते आम्हाला कुठे माहीत! मी ओरडले, "काका आत आहेत!" आणि माझ्या मागून शिट्टी बाहेर आला. त्याच्या हातात आमचा पिवळा कॅन होता. मामा कधी काही फेकत नाही. रिळं धुवायचं रसायन ज्या कॅनमध्ये यायचं त्यात आता आम्ही लादी पुसायचं पाणी भरून ठेवायचो. कॅनवर अजून कवटीचं चित्र होतं, मोठं, काळं, दुरूनही दिसेल असं.

शिट्टी धावत गेला, दुकानात पाणी ओतलं, परत आला, बेसिनखालच्या पाइपातून कॅन भरला, पुन्हा गेला. किती खेपा केल्या ते मी मोजलं नाही. त्याच्या नाकाला रुमाल होता. रस्त्यावर इतकी माणसं होती आणि एकटा तोच आगीच्या दिशेने पळत होता. मी पायरीवर कॅमेरा डोळ्याला लावून उभी. पाण्याची धार आगीवर पडताना मी अगदी स्वच्छ बघितली आहे. वाफ उठली होती. फोटो मात्र एकही काढला नाही. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता ना.

एका खेपेला तो धुरातून बाहेर आला. रुमाल गळ्यात खाली उतरलेला, कॅन हातात, मागे दुकान भडकलेलं. तो खोकत भलत्याच बाजूला, लोकांच्या लोंढ्याकडे बघत होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "इकडे बघा!"

मी त्याला कधी अहो-जाहो केलेलं नाही. पण कॅमेरा डोळ्याला असला की मी सगळ्यांना "बघा"च म्हणते, लहान पोरांनासुद्धा. ते स्टुडिओतलं वाक्य होतं, स्टुडिओतल्या सुरात. आणि शिट्टीची कळ दाबली गेली. मान वळली, हनुवटी वर गेली, तो हसला. डोळे सरळ भिंगात.

माझ्या बोटाने आपलं काम केलं.

पुढच्या क्षणी तो शटरखाली वाकून कॅन भरायला आत गेला. मला वाटतं, आपण हसलो हे त्याचं त्यालाही कळलं नसेल.

संध्याकाळपर्यंत रस्ता शांत झाला. दुकान गेलं ते गेलंच, पण वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं वाचली. शिट्टी आमच्याकडे चहा प्यायला, त्याच्या भुवया जळल्या होत्या, त्यावरून आईने त्याची चेष्टासुद्धा केली. तो घरी गेल्यावर मी फोटो बघायला बसले. सगळ्या फोटोंत तो एकच असा होता की बघताना श्वास अडकावा. चेहरा लख्ख, मागे ज्वाळा, धुराचा काळा पडदा. मी तो एका वर्तमानपत्राकडे पाठवला. खाली लिहिलंसुद्धा, समोरच्या दुकानाची आग विझवणारा तरुण. मामाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, देव जाणे.

सकाळी फोटो पहिल्या पानावर होता. माझं नाव फोटोखाली, बारीक अक्षरांत. वर मोठ्या अक्षरांत, "शहर जळतंय, हा हसतोय!" आमच्या पिवळ्या कॅनवरच्या कवटीभोवती त्यांनी लाल वर्तुळ काढलं होतं. मी लिहून पाठवलेलं वाक्य कुठेच नव्हतं.

मी चप्पल घातली की नाही तेही आठवत नाही, शिट्टीच्या घरी धावले. दारात त्याची आई उभी होती. पोलीस त्याला आधीच घेऊन गेले होते.

यातलं मी काहीही लपवलेलं नाही. पोलीस चौकीत त्याच सकाळी सगळं सांगितलं. चौकीतले साहेब वाईट नव्हते, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "कॅनमध्ये पाणी होतं म्हणता. मग पाणी टाकतानाचा फोटो दाखवा."

"तो नाही काढला."

"का?"

"तो माझ्याकडे बघत नव्हता."

त्यांनी शेजारच्या शिपायाकडे बघितलं. शिपाई छताकडे बघू लागला. "बाई," साहेब म्हणाले, "एवढ्या आगीत त्याने तुमच्याकडे कशाला बघायचं?" मी सांगितलं, मामाचा नियम सांगितला, कसरत सांगितली, कळ सांगितली. सांगता सांगता माझं मलाच ते इतकं खुळचट वाटायला लागलं की माझा आवाज चढला. आवाज चढलेल्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. मामाही येऊन सांगून गेला. पण तो तेव्हा वरच्या मजल्यावर होता, त्याने काहीच बघितलेलं नव्हतं.

वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले तर तिथल्या संपादकाने हात झटकले. "फोटोत दिसतंय ते आम्ही लिहिलं. तो हसतोय की नाही?" खुलासा छापू म्हणाले. छापला, आतल्या पानावर, हरवलेल्या पिशव्यांच्या शेजारी.

मला सगळ्यात जास्त राग आला तो गल्लीतल्या लोकांचा. खिडक्या-खिडक्यांतून माणसं बघत होती, शिट्टीला पाणी नेताना त्यांनी बघितलं होतं. मी दारोदार गेले. समोरच्या इमारतीतली एक काकू, जिचं घर त्याच्यामुळे वाचलं, ती म्हणाली, "पाणी होतं का ते? असेल बाई. पण तो हसत होता ना गं." तिला खिडकीतून त्याचं हसू दिसणं शक्यच नव्हतं, तिच्या बाजूला त्याची पाठ होती. ती फोटोबद्दल बोलत होती. लोकांनी डोळ्यांनी जे बघितलं ते पुसून गेलं आणि त्या जागी माझा फोटो जाऊन बसला. खुद्द चपलांचे दुकानदार काका, ज्यांच्यासाठी तो आगीत शिरला, तेही म्हणाले, "मी मागच्या दाराने गेलो होतो, मला काय माहीत? फोटोच बघितला मी."

शिट्टीची आई मात्र एका संध्याकाळी स्टुडिओत आली, तेव्हा मला वाटलं होतं ही तरी मला चार शिव्या देईल आणि माझं मन हलकं होईल. ती खुर्चीत बसली. गळ्यातली फीत बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझ्या मुलाने आग लावली नाही, हे मला माहीत आहे. ते मला कुणी सांगायला नको. पण पोरी, तो हसत का होता गं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "हो का," म्हणाली. "मामाने शिकवलेलं होय." मग माझ्या बाहीकडे न बघताच उठून गेली.

तिला पटलं नव्हतं. मी नुसती तिची समजूत घालतेय, असं तिला वाटलं. त्या दिवसाचा मला जेवढा पश्चात्ताप होतो, तेवढाच या संध्याकाळचा होतो. तिथेच मामाला हाक मारायला हवी होती, गुडघ्यावर बसून तिला पुन्हा सांगायला हवं होतं. मी नुसती बघत राहिले. मला बघत राहण्याचीच सवय आहे.

शिट्टी काही आठवड्यांनी जामिनावर सुटला. खटला चालला, तारखा पडत गेल्या. मी साक्ष दिली. वकिलाने मला विचारलं, तुम्ही फोटोग्राफर ना, मग पाण्याचा फोटो का नाही? पुन्हा तेच. शेवटी पुराव्याअभावी त्याला सोडलं. कॅनमध्ये काय होतं ते कुणालाच सिद्ध करता आलं नाही, ना त्यांना, ना आम्हाला. मामाने मला मिठी मारली. मी शिट्टीकडे बघितलं, तर तो न्यायाधीशांच्या खुर्चीमागच्या भिंतीकडे बघत होता. पुराव्याअभावी म्हणजे "याने केलं नाही" असं नव्हे, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

त्याला कामं मिळेनाशी झाली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. लोक फक्त दुसऱ्या नळवाल्याला बोलवू लागले. घरात कुणी नसताना बायका अशा माणसाला आत कशाला घेतील, जो आग बघून हसतो? आमच्याकडे तो यायचा, मामा मुद्दाम चालू नळ काढून ठेवायचा आणि त्याला बोलवायचा. त्याला ते कळायचं. तरी तो यायचा, वॉशर बदलून जायचा. काम अगदी पूर्वीसारखं चोख, फक्त मोरीतून कसलाच आवाज यायचा नाही. मी बाहेर बसून ऐकायचे. एकदा मी म्हटलं, "दादा, मला माफ कर रे." तो म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस?" आणि पाना पिशवीत टाकला. त्याने शिवी दिली असती तर मी काहीतरी बोलले असते.

मी पुन्हा रस्त्यावर फोटो काढले नाहीत. अर्जाचे फोटो काढते. पांढरा पडदा, दोन कान, सरळ खांदे. "इकडे बघा" म्हणायचं मी सोडून दिलं. "हं" म्हणते, किंवा भिंगावर टिचकी मारते. मामाने एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही.

मागच्या महिन्यात शिट्टी आणि त्याची आई दोघं स्टुडिओत आले. त्याच्या बहिणीच्या गावी पाण्याच्या टाक्यांवर नोकरी होती, तिथे कुणी ते वर्तमानपत्र जपून ठेवलं नव्हतं. आईलाही घेऊन कायमचा चालला होता. अर्जाला फोटो हवा होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, त्याची आई मागच्या बाकावर टेकली.

"आता नवा नियम आलाय," मी म्हटलं. "अर्जाच्या फोटोत हसायचं नाही. चेहरा सरळ ठेवायचा."

"जमेल," शिट्टी म्हणाला. "त्याची सवय आहे आता."

मी टिचकी मारली. त्याने मान सरळ केली, पण नजर काही भिंगात येईना. कधी माझ्या खांद्यावर, कधी दिव्यावर. कॅमेऱ्याला तो घाबरत होता, आणि का घाबरत होता ते मला ठाऊक होतं. मी "हं" म्हटलं. पुन्हा टिचकी मारली. घामाचा थेंब त्याच्या कानाखालून उतरला. माझंही बोट अवघडलं होतं. एवढ्यात मामा आतून आला, त्याने नेहमीप्रमाणे दिव्याची छत्री नीट केली आणि काही लक्षात न घेता, सवयीने म्हणाला, "अरे, इकडे बघा की!"

शिट्टीची हनुवटी वर गेली. तो हसला.

तेच हसू. फोटोतलं. ओठांचा डावा कोपरा आधी वर जातो, मग उजवा. डोळे सरळ भिंगात, आणि त्या डोळ्यांत हसू अजिबात नव्हतं, नुसती भीती होती. त्याला ते कळलं तसा त्याने झटकन हात तोंडावर नेला. "येतं ते," तो म्हणाला. "आपोआप येतं. मी हसत नाहीये."

मामाचा हात छत्रीवर तसाच राहिला. मी मागे वळले.

त्याची आई बाकावरून उठली होती. ती पुढे आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात, जणू खात्री करून घेतेय अशी, स्वतः म्हणाली, "इकडे बघा."

त्याने नको म्हणून मान हलवली, पण हनुवटी वर गेलीच. ओठांचा डावा कोपरा वर गेला. मग उजवा.

"असं होय," ती म्हणाली. "एवढंच होतं होय." तिने फीत गळ्यातून काढली, पुन्हा गळ्यात घातली. मग ती रडायला लागली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. "दोन वर्षं मी तुझ्या ताटात वाढत होते आणि मनात तेच. हसत का होता, हसत का होता. मेल्या, मला सांगायचं तरी होतंस!"

शिट्टीने तोंडावरचा हात खाली घेतला. आवाजात राग नव्हता. "तू सगळ्यांना विचारलंस, आई. मला कधी विचारलंच नाहीस."

त्याच्या आईने पदराने डोळे पुसले. मग तो खुर्चीत सरळ बसला, खांदे सैल केले.

"घे गं फोटो," तो मला म्हणाला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काही म्हणायची गरज पडली नाही. त्याने स्वतःहून नजर भिंगात आणली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, अगदी नियमाप्रमाणे. मी बटण दाबलं.